रवंथ करणारी मशीन

मे महिन्यात आमच्या सेलूत धुतलेलं लुगडं दोरीवर टाकलं आणि दुसरं टोक सरळ करायला गेलं, की तोवर पहिलं टोक कडक वाळलेलं असतं. पापड, कुरडया, माणसं, सगळं इथं फुकटात वाळतं. अशा गावात, अशा उन्हात, जेवणं उरकली की आमच्या समोरच्या घरातून घुर्र घुर्र असा आवाज सुरू व्हायचा. गल्लीतले पंखे एकदम मंद व्हायचे. आमच्या सासूबाई टीव्हीसमोर कपाळाला हात लावून म्हणायच्या, "लागली बघा मुंजाजीभावजीची म्हैस रवंथ करायला!"

म्हैस म्हणजे कपडे वाळवायचा विजेचा ड्रायर. धुण्याच्या मशीनला शेजारी एक पिळायचं भांडं असतं, त्यालाही आपल्याकडे ड्रायर म्हणतात. हा तो नव्हे. ही नुसती वाळवायची मशीन. आत पिंप फिरतं, कॉइल तापते, गरम हवा खेळते आणि ओले कपडे कोरडे होऊन बाहेर येतात. थोडक्यात, आमच्या गल्लीत बारा महिने फुकट मिळणारी गोष्ट मुंजाजीमामा वीज जाळून घरात करायचे. माणूस वेडा ठरायला आमच्या गल्लीत याहून फार कमी पुरतं.

मामांची सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली. ते डॉक्टर नव्हते, कंपाउंडर होते. पण सगळं गाव त्यांना डॉक्टरच म्हणायचं आणि त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. निवृत्त झाल्यावर जनावरं सुटली, हाताची सवय सुटली नाही. मांजर दिसलं की कान चाचपायचे. मी शाळेतून थकून आले की दारातूनच माझ्या डोळ्यांत बघून विचारायचे, "सुनबाई, चारापाणी घेतलं का न्हाई?" मी शिक्षिका आहे, पण त्यांच्यासमोर मला नेहमी एखाद्या अशक्त कालवडीसारखं वाटायचं.

ही मशीन त्यांनी नांदेडहून आणली, एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या भंगारातून. टेम्पोतून उतरवली तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली होती. पांढरा चौकोनी डबा, पुढे गोल काचेचं दार. मामांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, कुशीवर थाप मारली, काचेतून आत डोकावले आणि म्हणाले, "जातीची हाय. जर्मनीची." सासूबाईंनी लगेच ठेवून दिलं, "हो, जगात जर्मनी अन् देशात परभणी. पर भावजी, जर्मनीत ऊन पडत नसंल. आपल्या इथं काय कमी हाय?"

मामांकडे या प्रश्नाला ऋतूप्रमाणे उत्तर होतं. हिवाळ्यात म्हणायचे, जिनिंगची रुई उडून ओल्या कपड्यावर बसती. उन्हाळ्यात म्हणायचे, ऊन रंग खाऊन टाकतंय. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. मी एकदा त्यांना पकडलं. म्हटलं, "मामा, कपडे पांढरे असले तर ऊन कुठला रंग खातं?" मामांनी माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "बोलू नका, रवंथ करायलीय." हा त्यांचा शेवटचा शब्द असायचा. मशीन रवंथ करत असताना मोठ्यानं बोलायचं नाही, दार उघडायचं नाही आणि पाठीमागून जायचं नाही.

मशीन म्हातारी होती आणि चालू झाली की जागेवरून सरकायची. मामांनी फरशीत खुंटा ठोकून तिला दाव्यानं बांधून ठेवलं. तिच्या जाळीत कपड्यांचा धुरळा, धागे साचायचे. त्याला ते कफ म्हणायचे आणि जनावरांच्या खराऱ्यानं रोज काढायचे. दाराचं रबर गेलं तर सायकलची ट्यूब कापून बसवली. दुरुस्ती झाली की एखादा स्क्रू उरायचाच. "जास्तीचा असंल. कंपनी देती," म्हणून ते तो खिशात टाकायचे. असे कंपनीनं दिलेले इतके स्क्रू त्यांच्याकडे जमले होते, की मशीन उभी कशी होती याचंच मला नवल वाटायचं.

एकदा मशीन गरम व्हायची थांबली. मामांनी परभणीहून मेकॅनिक बोलावला. पोरगेलासा गडी, आल्या आल्या पेचकस काढून मागं गेला. मामांनी त्याचा हात धरला. "आधी हात फिरव. वळख होऊ दे. मग पेचकस लाव." तो हसला. "काका, ही मशीन हाय, म्हैस न्हाई." असं म्हणून त्यानं मागचं पत्र्याचं झाकण काढलं, कुठंतरी बोट लावलं आणि किंचाळत भिंतीला जाऊन टेकला. मामा शांतपणे म्हणाले, "मारली का न्हाई लाथ? सांगितलं व्हतं तुला." मेन स्विच आपणच बंद करायला विसरलो होतो, हे त्यांनी काही सांगितलं नाही. नंतर मेकॅनिकला ताक पाजलं आणि त्याच्याही पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर महिनाभरात मशीनचं पोट फुगलं. म्हणजे मामांचं निदान तसं होतं. गरम हवा बाहेर जायला खिडकीतून एक पाइप काढलेला होता, तो तुंबला होता. फुगलेल्या जनावराला पाजतात म्हणून मामांनी आधी पाइपात गोडेतेल सोडलं. त्यानं धुरळ्याचा चांगला चिखल झाला. मग त्यांनी बांबूची लांब कामटी घेतली आणि गल्लीतून आत खुपसली. आम्ही सगळे बघत उभे. बऱ्याच खटपटीनंतर पाइपातून तेलकट धुरळ्याचा एक लांबलचक पट्टा बाहेर आला, घोंगडीसारखा दाट. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी तो काठीनं उलटा-पालटा केला आणि म्हणाल्या, "सगळं पांढरंच निघालं की." ते तेवढ्यावरच राहिलं, कुणी पुढं विचार केला नाही.

आणि पोळा! मामांच्या घरी बैल नव्हता, कधीच नव्हता. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा दुखलेला असतो, तो हळद-तुपानं चोळतात आणि त्याला सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मामा त्या दिवशी मशीनचं मागचं झाकण उघडायचे, दवाखान्यातला जुना खाकी कोट घालून. पिंप फिरवणारा पट्टा फडक्यानं पुसायचे, चाकाला तेल द्यायचे, कॉइलवरची धूळ फुंकायचे. वर्षाची सर्व्हिसिंग. ती झाली की हात जोडून म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी मशीनच्या डोक्यावर झूल, गळ्यात म्हणजे बटणापाशी घुंगरमाळ, आणि काचेच्या दारासमोर पुरणपोळीचं ताट. आम्ही खिडकीतून बघून पोट धरून हसायचो. आज ते आठवलं की हसू येतं, आणि अर्ध्यातच विरून जातं.

कारण त्या खिडकीच्या आत मामी होत्या.

गयाबाईमामी म्हणजे आमच्या गल्लीची धुण्याची कचेरी. उभ्या गल्लीत त्यांच्यासारखं धुणं कुणाचं नव्हतं. त्यांच्या अंगणात कडुलिंबापासून नळाच्या खांबापर्यंत दोरी होती. तिच्यावर आधी चादरी, मग लुगडी, मग सदरे असं उतरत्या उंचीनं धुणं पडायचं, आणि चादरी अशा पांढऱ्या की बघणाऱ्यानं डोळे बारीक करावेत. दुसऱ्यांच्या दोऱ्यांवरही त्यांची नजर असायची. "घरात काय चाललंय ते दोरी सांगती," असं म्हणून त्या जाता-येता निकाल द्यायच्या. कुणाच्या पोराला हगवण लागलीय, कुणाच्या घरी पाहुणा मुक्कामाला हाय, कुणाची सून आळशी हाय, सगळं त्यांना दोरीवरून कळायचं आणि त्यांच्याकडून गल्लीला कळायचं. एकदा त्यांनी आमच्या सासूबाईंची डागाळलेली चादर चार बायकांत दोरीवरून खाली काढायला लावली होती. सासूबाई तो सगळा उन्हाळा त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

मग मामींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पहिल्या दिवसांत आम्ही सगळ्या जाऊन भेटून आलो. खिडकीशी खाट, खाटेवर मामी, आणि आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे वळवलेलं तोंड. पुढे मामांनीच "झोपलीय" म्हणून दारातून परत पाठवायला सुरुवात केली. हळूहळू जाणं थांबलं. मशीन आली ती त्यानंतर. पण मामींचं आजारपण एकीकडे आणि मामांचं खूळ दुसरीकडे, अशी आम्ही वाटणीच करून टाकली होती. मामांचे स्वतःचे सदरे आणि धोतर अंगणातल्या दोरीवर उन्हातच वाळत असायचे. मग मशीनमध्ये काय वाळतं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

तो सुटला भादव्यात. चार दिवस धो धो पाऊस झाला आणि त्यात गल्लीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. नवी डीपी कधी येईल ते कुणी सांगेना. वीज नाही, पाणी तापवायला नाही, पीठ दळायला नाही. मग एका सकाळी लख्ख ऊन पडलं आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या दोऱ्या धुण्यानं भरल्या. तेवढ्यात मामा आमच्या दारात आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"सुनबाई, तुमच्या शाळंत जनरेटर हाय म्हणत्यात. हाय का?"

"आहे की. का हो मामा?"

"हातगाड्यावर मशीन घालून नेतो. एक तासाचं काम हाय. हेडमास्तरला तुमी शब्द टाका."

मला हसू आवरेना. हातगाड्यावर झूल घातलेला ड्रायर शाळेच्या फाटकातून येतोय आणि हेडमास्तर उभे आहेत, असं डोळ्यांसमोर आलं. मी म्हटलं, "अहो मामा, एवढं ऊन पडलंय! बाहेर टाका ना कपडे. आत्ता वाळतील."

मामांनी मागं वळून आपल्या खिडकीकडे बघितलं. मग म्हणाले, "बाहीर न्हाई टाकता येत."

"का?"

"चादरी हायत तिच्या. दिवसातून किती येळा बदलाव्या लागत्यात ते माझं मला ठाव. मी धुतो. धुण्याचं काय न्हाई, जनावराचं सगळं केलंय मी. पर डाग जात न्हाईत ओ समदे. तिच्यासारखं मला येत न्हाई." ते उंबऱ्यावरच बसले. "पहिल्या दिशी म्या दोरीवर टाकली व्हती. खाटंवरून तिला दिसली. अशी वरडली, सुनबाई, अशी वरडली... बोलता येत न्हाई, नुसता आवाज. डाव्या हातानं खिडकीचं गज हलवायली. मला आधी कळंना काय दुखतंय ते. मग कळलं. वलीच काढली चादर अन् घरात आणली. म्हणलं, गया, तुझी चादर ह्या गल्लीला दिसणार न्हाई. सबद दिला."

त्या घरात आता चार दिवसांच्या ओल्या चादरी साठल्या होत्या. मामींच्या खाली मामांचं धोतर अंथरलेलं होतं.

"जिंदगीभर लोकाच्या म्हशीच्या पोटावर हात फिरवला," मामा म्हणाले. "जनावर बोलत न्हाई, वळखावं लागतं, असं सगळ्याला सांगायचो. ही बोलत व्हती तवा हिला कधी इचारलं न्हाई, तुझं काय दुखतंय म्हून. पाण्यानं भरलेल्या चादरी एकलीच पिळायची. एक टोक कधी धरू लागलो न्हाई मी."

सासूबाई आत भाजी निवडत होत्या. त्यांना ऐकू कमी येतं असा आमचा समज आहे, पण तो सोयीचा आहे. त्या बाहेर आल्या. मला वाटलं, आता एखादा टोमणा येणार, आणि मी त्यांना थांबवायच्या तयारीनं उभी राहिले. त्या म्हणाल्या, "भावजी, बादल्या आमच्या मागल्या दारानं आणून ठिवा. तिला काय सांगू नका."

अर्ध्या तासानं आमच्या मागल्या अंगणातल्या दोरीवर मामींच्या चादरी पडल्या. सासूबाईंनी स्वतः टाकल्या, मला हात लावू दिला नाही. डाग होते. फिके, पण होते. पलीकडच्या सुमनबाई पाण्याची घागर घेऊन निघाल्या होत्या, त्या थांबल्या. मग आणखी एक जण थांबली. सुमनबाईंनी हसत विचारलं, "कुणाच्या हो एवढ्या चादरी?"

"माझ्या," सासूबाई म्हणाल्या. "आता आवरत न्हाई मला. म्हातारपण हाय. त्याला काय करू?"

सुमनबाईंचं हसू गेलं आणि त्या जागी कीव आली. ती बघून माझा जीव कासावीस झाला. माझी सासू अशी आहे, की पायरी चढताना कुणी हात दिला तर झिडकारते. ती आत आली, पाटावर बसली आणि मला म्हणाली, "चहा टाक." तिच्या जिभेची मी आजवर हजार वेळा तक्रार केली असेल. त्या दिवशी त्याच जिभेला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

नवी डीपी येईपर्यंत हे रोज चाललं. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. कुणी तीळगूळ आणून दिला, लघवीवर ताबा राहतो म्हणून. सासूबाईंनी तो सगळा समोर बसून खाल्ला. भजनाला गेल्या तर सुमनबाईंनी सतरंजीवर त्यांच्यापुरतं एक पोतं अंथरून ठेवलं होतं. सासूबाई त्या पोत्यावर बसल्या आणि सगळी भजनं नेहमीच्याच खड्या आवाजात म्हणून आल्या. घरी आल्यावर मी म्हटलं, "आता खरं सांगून टाका ना, आत्या. किती दिवस ऐकून घेणार?" त्या माझ्यावरच उखडल्या. "येडी का खुळी तू? ती जित्ती हाय अजून."

वीज आली, मशीन पुन्हा रवंथ करायला लागली, आणि आमच्या सासूबाई भल्याभल्यांना लाजवतील अशा वेगानं 'बऱ्या' झाल्या. तिळगुळाचा गुण, असं गल्लीचं ठरलं.

दिवाळीच्या तोंडावर मामी गेल्या. झोपेतच गेल्या. त्या पहिल्या दिवसानंतर शेवटपर्यंत त्यांची एकही चादर त्यांच्या दोरीवर दिसली नाही. त्यांना उचललं तेव्हा खाली अंथरलेली चादर पांढरीशुभ्र होती, आणि बायका आपसांत म्हणाल्या, एवढं आजारपण, पण घर कसं स्वच्छ राहिलं बघा. मामींना ते ऐकायला मिळायला हवं होतं, असं मला फार वाटलं. अजून वाटतं.

चुडाव्याला दिलेली त्यांची मुलगी दिवस होईपर्यंत राहिली. जाताना बापाला चल म्हणून हटून बसली. मामा म्हणाले, "मशीनचं कोण बघंल?" ती रडत रडत स्टेशनला गेली.

आम्हाला वाटलं, आता मशीन भंगारात जाईल. पण दुसऱ्याच दिवशी जेवणं उरकली आणि पंखे मंदावले. घुर्र घुर्र सुरू झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. गल्ली पुन्हा हसायला लागली. पण सासूबाई आता हसत नव्हत्या. त्या दोन-चार दिवस ऐकत राहिल्या, मग मला म्हणाल्या, "चल गं, बघून येऊ."

मामा मशीनपाशी स्टुलावर बसले होते. खिडकीतून चांगलं टळटळीत ऊन आत आलं होतं. खिडकीशी खाट तशीच होती. सासूबाईंनी नेहमीच्या सुरात सुरुवात केली. "भावजी, आता कुणाचं काय झाकायचं राहिलंय? दोरी रिकामी हाय. बाहीर टाका की. वीज कशाला जाळायलाव?"

मामा या वेळी 'बोलू नका' म्हणाले नाहीत. त्यांनी मशीन थांबवली, दार उघडलं आणि आतून एक चादर काढली. एकच होती. ती खाटेवर अंथरली, कोपरे ताणून गादीखाली खोचले, मधली सुरकुती हातानं काढली. मग स्टूल ओढून खाटेशी बसले आणि चादरीच्या मध्यावर पंजा ठेवला.

"वाळवायला न्हाई लावत वैनी," ते म्हणाले. "कोरडीच घालतो आत. अशी गरम असली की हात ठिवल्यावर वाटतं, आत्ताच उठून गेलीय."

गुडघ्यावर हात टेकत सासूबाई खाटेच्या दुसऱ्या अंगाला खाली बसल्या आणि त्यांनीही चादरीवर हात ठेवला. मीही ठेवला. ती गार होईपर्यंत आम्ही तिघं तिथंच बसून होतो.